चाके असलेली कोणतीही वस्तू

प्रूफकाकांना त्या दिवशी सभेला जायचंच नव्हतं. सोसायटीच्या सभेला जाऊन आजवर कुणाचं भलं झालंय, असा त्यांचा सवाल होता आणि तो त्यांनी सकाळपासून काकूंना तीनदा विचारून झाला होता. पण काकू म्हणाल्या, "रिटायर होऊन दोन महिने झाले. घरात बसून साबणाच्या वेष्टनावरचं शुद्धलेखन तपासताय. जा जरा माणसांत." म्हणून ते गेले. पुढे जे काही झालं त्याचं सगळं खापर ते काकूंच्या या वाक्यावर फोडतात. काकू ते फोडून घेत नाहीत.

काकांची चाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली होती. छापलेली चूक दिसली की त्यांना घास खाताना खडा लागावा तसं व्हायचं. एकदा तर इमारतीतल्या एका घरातून आलेलं शोकपत्र त्यांनी लाल पेन्सिलीने दुरुस्त करून परत पाठवलं होतं. त्या घरातली माणसं सहा महिने त्यांच्याशी बोलत नव्हती. "पण पुढच्या वेळी त्यांनी बरोबर छापलं," असं काका सांगत, आणि यात पुढच्या वेळी म्हणजे काय, हे त्यांच्या लक्षातही येत नसे.

सभेचा विषय होता लिफ्ट. इमारत सात मजल्यांची, घरं अठ्ठावीस, आणि जुनी लिफ्ट काढून नवी बसवेपर्यंत चार महिने गेलेले. काका सहाव्या मजल्यावर राहत. त्या चार महिन्यांत त्यांच्या गुडघ्यांनी त्यांच्याशी असलेले सगळे संबंध तोडले होते. नवी लिफ्ट आली ती आरसा, पंखा, मंद आवाजात मजला सांगणारी बाई अशा थाटात आली. आणि आठवड्याच्या आत दुसऱ्या मजल्यावरच्या सायकलवाल्याने चिखलाने भरलेली सायकल आत घालून हँडलने आरशावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली. हा गडी रोज पहाटे चाळीस किलोमीटर सायकल मारायचा आणि दुसऱ्या मजल्यावर जायला लिफ्ट वापरायचा.

"नियम करायला हवेत," चेअरमन म्हणाले. चेअरमन दातांचे डॉक्टर होते. समोरच्याला तोंड उघडायला लावायचं आणि मग त्याला बोलता येणार नाही अशी व्यवस्था करायची, याची त्यांना धंद्यामुळे सवय होती.

"नियम आहेत की," तिसऱ्या मजल्यावरचे वकील म्हणाले. "पाळतं कोण?"

"मग कडक नियम करू."

"कडक म्हणजे किती? चहासुद्धा कडक असतो. लोक दूध घालून पितातच."

कुणीतरी 'अटळ' सुचवलं. त्यावर एक बाई म्हणाल्या, अटळ म्हटलं की घरात कुणी गेल्यासारखं वाटतं. काकांना राहवेना. त्यांनी 'अनुल्लंघनीय' असा शब्द दिला. चेअरमननी तो दोनदा म्हणून पाहिला, दोन्ही वेळा मध्येच अडकले, आणि पाणी प्यायले.

"काका, इंग्रजीत याला काय म्हणतात हो?" वकिलांनी विचारलं.

"हार्ड अँड फास्ट," काका म्हणाले.

सगळ्या सभेने मान डोलावली. शब्दाला वजन होतं. ऐकूनच पाठ ताठ व्हावी असं काहीतरी त्यात होतं. फक्त पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी हात वर केला.

"फास्ट म्हणजे लिफ्ट जोरात जाणार का? तसं असेल तर मी बसायचो नाही."

"नाही हो आजोबा. इथे फास्ट म्हणजे घट्ट. पक्कं बांधलेलं."

"मग घट्ट नियम म्हणा की."

"घट्ट नियम असं आपल्यात म्हणत नाहीत."

"आणि फास्ट नियम असं म्हणतात?"

हा प्रश्न सभेच्या इतिवृत्तात घेतलेला नाही. नियमांचा मसुदा करण्याचं काम एकमताने प्रूफकाकांकडे आलं. एकमताने म्हणजे त्या वेळी सगळे खुर्च्या मागे सारून उठलेच होते.

काकांनी नऊ दिवस घेतले. चाळीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं सरळ केल्यावर पहिल्यांदाच त्यांना स्वतःची वाक्यं लिहायला मिळाली होती, आणि ती छापली जाणार होती. चौथ्या नियमात त्यांनी आधी नुसतं 'सायकल' लिहिलं होतं. वकील म्हणाले, "सायकल लिहाल तर उद्या तीनचाकी आणून माझ्याशी वाद घालतील. भोक ठेवू नका." काकांना ते पटलं. भोक या गोष्टीचा त्यांना मनापासून तिटकारा होता. मग नियम असा झाला: 'चाके असलेली कोणतीही वस्तू लिफ्टमध्ये आणण्यास सक्त मनाई आहे.' सातवा नियम फर्निचरबद्दल होता. अकरावा, शेवटचा, त्यांचा सगळ्यात लाडका: 'वरील नियमांस कोणत्याही कारणास्तव अपवाद केला जाणार नाही. नियमांत बदल करावयाचा झाल्यास दोन तृतीयांश सभासदांची संमती व नोंदणी कार्यालयाची मान्यता आवश्यक राहील.' पांढऱ्या फळ्यावर निळ्या अक्षरांत तो मजकूर रंगवला गेला आणि वर मोठा मथळा आला, 'लिफ्टचे हार्ड अँड फास्ट नियम'. काका दिवसातून चारदा काही ना काही निमित्त काढून खाली जात आणि फळ्यासमोर उभे राहत. एकही चूक नव्हती.

वॉचमन हा पन्नाशीचा, गंभीर चेहऱ्याचा माणूस होता. त्याने फळा नीट वाचला आणि काकांना विचारलं, "साहेब, हे हार्ड अँड फास्ट म्हणजे नेमकं काय करायचं?"

काका खुशीत होते. "म्हणजे कुणीही आलं तरी मोडायचा नाही. चेअरमन आले तरी नाही. अरे, मी स्वतः येऊन सांगितलं तरी ऐकायचं नाही."

"तुम्ही सांगितलं तरी नाही," वॉचमनने मनाशी म्हणून घेतलं.

दहा दिवसांनी पाचव्या मजल्यावरची सूनबाई बाबागाडीत बाळ घेऊन आली. बाळ झोपलेलं, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. वॉचमनला दया आली. त्याने दार धरलं. नेमके त्याच लिफ्टने काका सहाव्या मजल्यावरून खाली आले होते. त्यांनी तिथल्या तिथे बोलायचं टाळलं, पण घरी जाऊन मेमो लिहिला. मेमो सुंदर होता. 'आपल्या हातून झालेल्या या नियमभंगाची गंभीर दखल घेण्यात येत असून, असा प्रकार पुन्हा घडल्यास आपणांस सेवेतून कमी करण्यात येईल.' चेअरमननी न वाचता सही केली. सूनबाई काकांकडे येऊन म्हणाली, "काका, बाळाला उठवून, कडेवर घेऊन, गाडी घडी करून जिन्याने न्यायची का मी रोज? पाच मजले?" काका म्हणाले, "एकाला सूट दिली की नियम संपला, बाळा." दुसऱ्या दिवसापासून बाबागाडी जिन्याखाली दिसू लागली आणि बाळ कडेवर.

आणि मग जिजी पडली.

जिजी ही काकांची थोरली बहीण. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेली, एकटी, दुसऱ्या एका भागात चौथ्या मजल्यावर लिफ्ट नसलेल्या घरात राहणारी. न्हाणीघरात पाय घसरला, मांडीचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी बजावलं, सहा आठवडे त्या पायावर अजिबात भार नाही. तोवर चाकाची खुर्ची. जिजीला घरी आणायचं हे काका आणि काकूंनी आधीच ठरवलं होतं. काकूंनी हॉलमधलं टेबल हलवून पलंग लावला, खिडकीपाशी छोटं स्टूल ठेवलं, त्यावर रेडिओ. सगळी तयारी झाली होती. एक गोष्ट कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. ती फळ्यावर निळ्या अक्षरांत लिहिलेली होती.

रुग्णवाहिका फाटकाशी थांबली. जिजीला खुर्चीत बसवून ती माणसं निघून गेली. काका खुर्ची ढकलत लिफ्टपाशी आले आणि वॉचमन दारासमोर येऊन उभा राहिला.

"साहेब, चाकं आहेत."

काकांना आधी कळलंच नाही. "हो, चाकाची खुर्ची आहे ना. बाजूला हो जरा."

"चौथा नियम, साहेब."

"अरे, ही माझी बहीण आहे!"

"बहिणीला चाकं नाहीत, साहेब. बहीण जाऊ शकते."

जिजी मान वर करून दोघांकडे आळीपाळीने बघत होती. काकांनी आवाज चढवला. "मी सांगतोय ना तुला. नियम मी लिहिलाय."

"तुम्हीच म्हणाला होता, मी स्वतः सांगितलं तरी ऐकायचं नाही." वॉचमनने खिशातून चार घड्या केलेला कागद काढला. मेमो होता. "साहेब, मला दोन मुली आहेत. दुसऱ्यांदा झालं तर काढून टाकणार असं लिहिलंय यात. तुमचीच सही वाटते."

"सही चेअरमनची आहे," काका पुटपुटले.

"मजकूर तुमचा आहे. असं दुसऱ्या कुणाला लिहिता येत नाही."

इतकी वर्षं ज्या कौतुकाची काकांनी वाट पाहिली, ते असं मिळालं.

तोवर इमारतीतली सल्लागार मंडळी जमली होती. एकाने सुचवलं, साध्या खुर्चीवर बसवून न्या, तिला चाकं नसतात. लगेच काकूंनी जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणवली. वॉचमनने सातव्या नियमाकडे बोट दाखवलं. खुर्ची म्हणजे फर्निचर. आजोबा म्हणाले, दोरीने पाळणा करून गच्चीवरून ओढून घ्या, आमच्या वेळी पियानो असाच नेला होता. पियानो कुणाचा, हे त्यांना आठवेना. नुसतं हातांवर उचलून लिफ्टमध्ये न्यायचं तर मोडलेला पाय लोंबकळेल, म्हणून काकूंनी हात लावू दिला नाही. शेवटी चौघांनी खुर्चीसकट जिजीला उचलून जिन्याने न्यायचं ठरलं. सायकलवाला सगळ्यात पुढे झाला. मांड्या कमावलेल्या आहेत, असं तो म्हणाला. मांड्या कमावलेल्या होत्या, कंबर नव्हती. पहिल्या वळणावरच त्याच्या कमरेतून कट्ट असा आवाज आला आणि तो तिथेच भिंतीला हात लावून अर्धवट वाकलेला राहिला. वर जिजी वाकडी, खाली तो वाकडा.

"ठेवा मला खाली," जिजी शांतपणे म्हणाली. "एक हाड मोडलंय तेवढं पुरे."

लिफ्टच्या शेजारी सोसायटीचं ऑफिस होतं. बारा बाय दहाची खोली, एक टेबल, चार घडीच्या खुर्च्या, जुन्या लिफ्टचं दार भिंतीला टेकवलेलं, आणि मागे वॉचमनसाठी केलेलं न्हाणीघर. तिथे गादी आणून जिजीला ठेवण्यात आलं. तात्पुरतं. वॉचमनने पाहुण्यांच्या वहीत नोंद केली: येण्याची वेळ साडेअकरा, कुणाकडे सहावा मजला, जाण्याची वेळ रिकामी.

ती रिकामीच राहिली. त्या दिवसापासून काका आणि काकू आळीपाळीने खाली ऑफिसात झोपू लागले. खाली जमिनीवर झोपून उठलं की काकांना उभं राहायला पाव तास लागे. लिफ्टमधली बाई गोड आवाजात 'सहावा मजला' म्हणाली की त्यांना तिचा राग येई.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते खाली गेले तेव्हा पाचव्या मजल्यावरची सूनबाई जिजीजवळ बसली होती. काकांना पाहून ती उठली.

"बसा ना," काका म्हणाले.

"नको, बाळ गाडीत झोपलंय. त्याला उठवून, कडेवर घेऊन वर जायचंय."

ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. ती अगदी साधेपणाने, वेळ सांगावी तशी म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वॉचमनच्या नावे पत्र लिहिलं: 'दिलेला मेमो बिनशर्त मागे घेण्यात येत आहे. आपण दार धरलेत ते योग्यच केलेत. चूक माझी होती.' हे पत्र लिहायला त्यांना मेमोपेक्षा जास्त वेळ लागला. चार ओळींचंच होतं. चेअरमनची सही घेऊन त्यांनी ते स्वतः नेऊन दिलं. वॉचमनने ते दोनदा वाचलं, मेमोच्या आत घालून घडी केली आणि खिशात ठेवलं.

"मग आता?" काकांनी लिफ्टकडे पाहिलं.

"आता मेमो नाही, साहेब. नियम आहे."

तातडीची सभा बोलावली. बदलाला एकोणीस माणसं हवी होती, सतरा आली. सभा तहकूब. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावली, तेव्हा वीस आली. वकिलांनी दुरुस्ती मांडली: 'चाके असलेली कोणतीही वस्तू, तीत मनुष्य बसलेला असल्यास ती सोडून.'

"मग मी सायकलवर बसून येईन," मागून सायकलवाला म्हणाला. कमरेला पट्टा बांधून तो उभाच होता, त्याला बसता येत नव्हतं.

"आजारी मनुष्य," वकिलांनी घातलं.

"मी आजारीच आहे. सर्टिफिकेट दाखवू?"

"स्वतः चालण्यास असमर्थ असा मनुष्य."

"मला जिना चढवत नाही," आजोबा म्हणाले. "पण मला चाकं नाहीत. माझं काय?"

"आजोबा, तुम्ही लिफ्टने जाऊच शकता. तुम्हाला कुणी अडवलंय?"

"तसं नव्हे. नियमात माझं काय?"

पाऊण तास गेला. काका वहीत शब्द लिहीत होते आणि खोडत होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना शब्दांचा कंटाळा आला होता. सूनबाई बाळाला थोपटत कोपऱ्यात उभी होती. ती म्हणाली, "काका, तीन नावं लिहा आणि मोकळे व्हा. चाकाची खुर्ची, बाबागाडी, रुग्णाची ढकलगाडी. एवढं सोडून."

"उद्या चौथं काही आलं तर?" वकील म्हणाले. "भोक राहतं."

"राहू दे भोक," काका म्हणाले. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. काकूंनीही चष्मा वर केला.

हात वर झाले. मोजले तर अठरा. एक जण मध्येच निघून गेला होता आणि सायकलवाला भिंतीकडे बघत उभा होता. काकांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. विनंती करायलासुद्धा माणसात त्राण लागतं. मग सायकलवाल्याने, कमरेवरचा एक हात सोडवून, तो हळूहळू खांद्यापर्यंत नेला. "हात याच्या वर जात नाही," तो म्हणाला. "धरा एवढ्यालाच."

एकोणीस झाले. राहिलं नोंदणी कार्यालय.

तिथल्या खिडकीवरच्या बाईंनी ठराव वाचला, फळ्याची प्रत वाचली आणि मथळ्यावर पेन ठेवलं. "हे काय?"

"हार्ड अँड फास्ट. म्हणजे ज्यांना अपवाद नाही असे नियम."

"मुळात हे नियम आमच्याकडे आले नव्हते का?"

"नव्हते. बदल करायचा झाला तर यायचं, असं आम्हीच लिहिलं होतं."

"म्हणजे आम्ही न दिलेली मान्यता बदलून हवी आहे," बाई म्हणाल्या. त्यांचा स्वर चेष्टेचा नव्हता, त्या नोंद करत होत्या. "बरं, परभाषेतला मजकूर चालत नाही. भाषांतर जोडा."

काकांनी खिशातलं पेन काढलं. "आत्ता लिहून देतो. अनुल्लंघनीय."

"तुम्ही अर्जदार ना? अर्जदाराचं भाषांतर चालत नाही. यादीवरच्या भाषांतरकाराकडून शिक्क्यानिशी आणा."

यादीवरचा भाषांतरकार त्याच इमारतीत जिन्याखाली बसत होता. समोर टाइपरायटर, बाजूला जन्मदाखल्यांचा गठ्ठा. त्याने काकांचा कागद घेतला, वर बघितलंही नाही, आणि टकटक करून, शिक्का मारून परत दिला. काकांनी वाचलं. 'लिफ्टचे कठीण व वेगवान नियम'.

काकांनी 'वेगवान'वर बोट ठेवलं. "अहो, हे चूक आहे."

"हार्ड म्हणजे कठीण. फास्ट म्हणजे वेगवान. चूक कुठाय?"

"पण दोन्ही मिळून अर्थ वेगळा होतो!"

"काका," भाषांतरकार नवा कागद चढवत म्हणाला, "मी शब्दाला शब्द देतो. अर्थाची जबाबदारी घेत नाही."

काका कागद घेऊन परत खिडकीशी गेले. बाईंना सगळं समजावलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या वाईट नव्हत्या. "तुमचं म्हणणं मला पटतंय," त्या म्हणाल्या. "दुरुस्ती करता येईल. त्यासाठी हे रद्द करून नवा अर्ज. पंधरा दिवस. किंवा यावरच सही करा, मंजुरी या आठवड्यात देते. फक्त एक, मंजूर झालेला मजकूर फळ्यावर जसाच्या तसा लावावा लागेल. आमचा माणूस येऊन बघतो."

काका मागच्या बाकावर जाऊन बसले. चाळीस वर्षांत त्यांनी हाताखालून एक चूक जाऊ दिली नव्हती. एकदा अंक छापायला गेला असताना, एका वेलांटीसाठी त्यांनी यंत्र थांबवलं होतं. मालकाने शिव्या दिल्या होत्या, पण यंत्र थांबलं होतं. आता हा फळा इमारतीच्या दाराशी लागणार. येणारा जाणारा वाचणार आणि म्हणणार, इथे ते प्रूफकाका राहतात ना? दुसऱ्या बाजूला पंधरा दिवस. ऑफिसची जमीन, वाकडी झालेली काकूंची मान, आणि भिंतीला टेकवलेल्या जुन्या दाराखाली झोपलेली त्र्याहत्तर वर्षांची बहीण. त्यांनी फार वेळ घेतला नाही. उठले, खिडकीशी गेले आणि 'कठीण व वेगवान'च्या खाली सही केली. सही नेहमीसारखीच आली, फक्त शेवटची रेघ जरा लांब गेली.

मंजुरी खरंच आठवड्यात आली. रंगाऱ्याने जुना फळा पुसून नवा रंगवला. रंगवता रंगवता त्याने विचारलं, "काका, हे वेगवान बरोबर आहे ना?" काका म्हणाले, "आहे तसं काढ." सूनबाईने त्याच संध्याकाळी बाबागाडी लिफ्टमध्ये घातली. वॉचमनने दार धरलं आणि काकांकडे बघून सलाम केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका जिजीला वर न्यायला खाली आले. तिला ऑफिसात ठेवून चार आठवडे झाले होते. काकू त्यांना घरात दिसल्या नव्हत्या. बाजारात गेल्या असतील, असं त्यांना वाटलं. ऑफिसचं दार उघडं होतं. आत काकू होत्या, विणकाम घेऊन घडीच्या खुर्चीवर बसलेल्या. सूनबाईचं बाळ जिजीच्या मांडीवर, मोडक्या नव्हे त्या, झोपलं होतं. आजोबा टेबलाशी पेपर वाचत होते. सायकलवाला दारात उभा राहून कुरिअरवाल्याशी बोलत होता आणि जिजी खुर्चीत बसून वहीत लिहीत होती: चौथा मजला, दोन पाकिटं. वॉचमनने म्हणे पंधरा दिवसांपासून कुरिअरची वही तिच्याकडे सोपवली होती. काकांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते गेले तीन आठवडे सभांच्या आणि कार्यालयाच्या मागे धावत होते.

"जिजी, चल," काका म्हणाले. आवाजात थोडा विजय यावा असं त्यांना वाटत होतं, पण थकव्याने तो आला नाही. "परवानगी मिळाली. वर सगळं तयार आहे."

जिजीने पेन खाली ठेवलं. "वर काय आहे?"

"म्हणजे? घर आहे. पलंग आहे. खिडकीपाशी लावलाय. आकाश दिसतं."

"माझ्या घरातूनही आकाश दिसतं," जिजी म्हणाली. "अकरा वर्षं बघतेय. चौथ्या मजल्यावरून खाली उतरायचं म्हणजे परत चढायचं, म्हणून मी उतरतच नव्हते रे. आठवड्यातून एकदा, कधी पंधरा दिवसांतून. तुला सांगितलं नाही इतकंच." तिने बाळाचा पाय पांघरुणात सरकवला. "बत्तीस वर्षं एक्स्चेंजमध्ये मी लोकांची बोलणी जोडून दिली. हजारो माणसं. त्यातलं एकाचंही तोंड मी पाहिलेलं नाही. इथे दारात बसलं की सगळ्यांची तोंडं दिसतात. अजून दोन आठवडे आहेत माझे. मला इथेच राहू दे."

काका उभेच राहिले. इतकी सभा, इतका ठराव, ती सही. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, आणि तो हक्क त्यांचा होता. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू टाके मोजत होत्या, मान खाली. पण मान खाली घालून हसणारी माणसं ओळखू येतात.

"तुला माहीत होतं?" काकांनी विचारलं.

"मी रोज दुपारी इथेच असते," काकू म्हणाल्या. "तुम्ही विचारलं नाहीत."

कुरिअरवाला खोकला. त्याला सही हवी होती. जिजीने सही करून पाकिटं बाजूला ठेवली आणि शेजारची एक खुर्ची हाताने पुढे ढकलली. ती घडी घातलेली होती. काकांनी ती उघडली, भिंतीला टेकून नीट लावली आणि बसले. गुडघे कुरकुरले. बाहेरून माणसं येत होती, जात होती. कुणी जिजीला हाक मारून पुढे जात होतं, कुणी दोन मिनिटं टेकत होतं.

"चहा घेणार?" आजोबांनी पेपरमागून विचारलं. "थर्मास आहे."

"घेतो," काका म्हणाले.